रॉय फ्रान्सिस : जहाजावर न चढलेला खेळाडू

1946 च्या एप्रिल महिन्यात 'इंडॉमिटेबल' नावाची विमानवाहू युद्धनौका ब्रिटनहून ऑस्ट्रेलियाला निघाली. दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते. प्रवासी जहाजे उपलब्ध नव्हती, म्हणून ब्रिटनचा रग्बी लीग संघ नौदलाच्या जहाजावरून रवाना झाला. या संघात 26 खेळाडू होते. कसोटी मालिकेत हा संघ हरला नाही. पहिला सामना बरोबरीत सुटला आणि पुढचे दोन जिंकले. जहाजाच्या नावावरून या संघाला 'इंडॉमिटेबल्स' म्हणजे 'अजिंक्य' हे नाव पडले. रग्बी लीगच्या इतिहासात आजही त्यांचा उल्लेख आदराने होतो.

त्या जहाजावर एक माणूस नव्हता. बॅरो क्लबचा विंगर रॉय फ्रान्सिस. त्या काळातल्या सर्वात वेगवान आणि सातत्याने गुण मिळवणाऱ्या खेळाडूंपैकी एक. त्यांना दुखापत नव्हती, खेळही उतरलेला नव्हता. ते कृष्णवर्णीय होते आणि ऑस्ट्रेलियात तेव्हा 'श्वेत ऑस्ट्रेलिया' धोरण चालू होते. यजमानांचे मन दुखावू नये म्हणून त्यांना घरीच ठेवले गेले, असे या खेळाचा इतिहास लिहिणारे सांगतात. तसा ठराव कोणी जाहीर केला नाही, पत्र काढले नाही. यादी लागली आणि त्यात नाव नव्हते, एवढेच.

आपल्याकडे रग्बी फारसे कुणी पाहत नाही. रग्बी लीग तर इंग्लंडच्या उत्तर भागाबाहेर तिथल्याही अनेकांना नीट माहीत नाही. तरीही या माणसाची कथा मराठी वाचकांपुढे, विशेषतः मुस्लिम वाचकांपुढे मांडावीशी वाटते. कारण यादीत नाव नसणे आणि त्याचे कारण कागदावर नसणे, हा अनुभव आपल्याला अनोळखी नाही.

गोदीवरची वस्ती

रॉय फ्रान्सिस यांचा जन्म जानेवारी 1919 चा, वेल्समधल्या कार्डिफचा. कार्डिफ तेव्हा जगातल्या मोठ्या कोळसा बंदरांपैकी एक होते. वेल्सच्या खाणींतला कोळसा इथून जगभर जाई. त्या बोटींच्या बॉयलरसमोर उभे राहून कोळसा टाकणारे हात येमेन, सोमालिया, पश्चिम आफ्रिका आणि वेस्ट इंडीजमधून आलेले असत. बंदराला लागून असलेल्या बूटटाउन भागात, ज्याला लोक 'टायगर बे' म्हणत, ही माणसे राहू लागली. तिथेच त्यांचे निकाह झाले, लग्ने झाली, मुले झाली. ब्रिटनमधल्या सर्वात जुन्या मुस्लिम वस्त्यांपैकी ही एक. कोकणच्या किनाऱ्यावरच्या ज्या घरांतून पिढ्यानपिढ्या माणसे 'बोटीवर' गेली, त्या घरांना या वस्तीचे जगणे वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

रॉयच्या जन्मानंतर पाच महिन्यांनी, जून 1919 मध्ये, कार्डिफमध्ये वांशिक दंगल उसळली. युद्धावरून परतलेल्या गोऱ्या सैनिकांना कामे मिळत नव्हती, घरे मिळत नव्हती. राग निघाला तो काळ्या आणि अरब खलाशांवर. त्यांच्या खानावळींवर हल्ले झाले. शहरात तीन माणसे मेली. त्यांत महंमद अब्दुल्ला नावाचा बोटीवरचा एक तरुण कामगार होता. युद्धाच्या काळात याच खलाशांनी पाणबुड्यांच्या धोक्यातून ब्रिटनची जहाजे चालवली होती. त्याची आठवण दंगलखोरांना राहिली नाही, सरकारलाही राहिली नाही. 1925 मध्ये 'परदेशी रंगीत खलाशी' म्हणून पोलिसांकडे नोंदणीची सक्ती करणारा आदेश निघाला. त्याचा फास अशा अनेकांभोवती आवळला गेला, जे खरे तर ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन होते, पण तसे सिद्ध करणारा कागद त्यांच्याकडे नव्हता. कागद दाखवा, ही मागणी शंभर वर्षांपूर्वीही गरिबाच्याच दारात येत होती.

रॉय या वस्तीत वाढला नाही. कार्डिफच्या उत्तरेला डोंगरात ब्रायनमॉर नावाचे गाव आहे, कोळसा आणि लोखंडावर जगणारे. तिथल्या कुटुंबात तो लहानाचा मोठा झाला. फ्रान्सिस मुसलमान नव्हते, हेही स्पष्ट केले पाहिजे. पण ज्या समाजाने त्यांना पाहताक्षणी 'बाहेरचा' ठरवले, त्याच समाजाने गोदीवरच्या येमेनी आणि सोमाली मुसलमानांनाही त्याच नजरेने पाहिले. नजर एकच होती, समोरची माणसे वेगवेगळी.

खाड्याच्या पैशावरून फुटलेला खेळ

वेल्समध्ये रग्बी म्हणजे रग्बी युनियन. पंधरा खेळाडूंचा, 'हौशी' म्हणवणारा खेळ. फ्रान्सिस गावच्या संघातून हाच खेळ खेळले. मग 1936 च्या नोव्हेंबरमध्ये, सतरा वर्षांचे असताना, इंग्लंडच्या उत्तरेतल्या विगन क्लबने त्यांना करारबद्ध केले. विगनचा खेळ होता रग्बी लीग.

हे दोन खेळ वेगळे का झाले, हे समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळत नाही. लँकेशायर आणि यॉर्कशायर हा गिरण्यांचा आणि खाणींचा मुलूख. तिथे रग्बी खेळणारे कामगार होते. शनिवारी सामना असला की अर्धा दिवस खाडा व्हायचा आणि मजुरी कापली जायची. क्लबांचे म्हणणे साधे होते, या बुडालेल्या मजुरीची भरपाई खेळाडूला द्या. लंडनकडच्या उच्चभ्रू धुरीणांना ते मान्य नव्हते. पैसे घेणे म्हणजे खेळ बाटवणे, असे त्यांचे मत. ज्याच्या घरी चूल पेटायची चिंता नाही, त्याला हौस परवडते. 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेतल्या क्लबांची बैठक झाली आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. पुढे त्यांनी नियम बदलले, 1906 मध्ये खेळाडू पंधरावरून तेरा केले. तो खेळ म्हणजे रग्बी लीग.

युनियनने त्यांना बहिष्कृत केले. लीगमध्ये गेलेल्या खेळाडूला युनियनचे दरवाजे आयुष्यभरासाठी बंद. त्यामुळे वेल्समधून उत्तरेला जाणारा मुलगा एका अर्थी जातीबाहेर जाणारा मुलगा असे. महायुद्ध सुरू झाल्यावर सैन्यदलांत हा सोवळेपणा तात्पुरता बाजूला ठेवावा लागला. 1943 आणि 1944 मध्ये लीगचे खेळाडू विरुद्ध युनियनचे खेळाडू असे दोन सामने युनियनच्या नियमांनी झाले आणि दोन्ही लीगवाल्यांनी जिंकले. युद्ध संपले, बहिष्कार पुन्हा लागू झाला.

स्वतः बहिष्कृत असलेल्या या खेळात वेल्सच्या कृष्णवर्णीय मुलांना जागा मिळाली, हा योगायोग नव्हे. वेल्सच्या युनियन संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू यायला 1980 चे दशक उजाडावे लागले. जो क्लब पैसे मोजतो, त्याला गुण हवे असतात. त्याला खेळाडूच्या घराण्याशी देणेघेणे कमी असते. मजूरवर्गाच्या प्रेक्षकांनीही या मुलांना डोक्यावर घेतले. पण इथेच थांबून 'लीग म्हणजे समतेचे माहेरघर' असे म्हटले तर ते अर्धसत्य ठरेल. फ्रान्सिस यांची कारकीर्द त्याचा पुरावा आहे.

विगन ते बॅरो

1938 मध्ये विगनचे व्यवस्थापक म्हणून हॅरी संडरलँड आले. ते ऑस्ट्रेलियन होते, रग्बी लीगच्या दुनियेतले मोठे नाव. त्यानंतर काही महिन्यांत, जानेवारी 1939 मध्ये, विगनने फ्रान्सिस यांना बॅरोला विकून टाकले. यामागे त्यांचा रंग होता, असे या खेळाच्या इतिहासात वारंवार सांगितले गेले आहे. 

बॅरो हे जहाजबांधणीचे शहर. तिथे फ्रान्सिस स्थिरावले आणि चमकले. युद्धात ते सैन्यात शारीरिक शिक्षणाचे प्रशिक्षक होते. माणसाचे शरीर कसे चालते, थकते, सावरते, याचा तिथे झालेला अभ्यास पुढे त्यांची मोठी पुंजी ठरली. 

मग आले 1946. ब्रिटिश संघाचे कर्णधार होते गस रिसमन. तेही कार्डिफचे, लाटव्हियातून आलेल्या स्थलांतरितांचे चिरंजीव. म्हणजे एकाच बंदराने दोन मुले दिली. दोघेही बाहेरून आलेल्यांच्या वस्तीच्या शहरातले, दोघेही लीगमध्ये आलेले. एक कर्णधार म्हणून जहाजावर चढला, दुसरा किनाऱ्यावर राहिला. रिसमन यांच्या थोरवीला यामुळे उणेपणा येत नाही. फक्त फरक कुठे पडला हे दिसते. गोऱ्या स्थलांतरिताचे मूल एका पिढीत 'इथले' होऊ शकत होते. काळ्याचे मूल जन्माने इथले असूनही 'तिथले'च राहत होते.

पुढच्याच वर्षी, 20 डिसेंबर 1947 रोजी, ब्रॅडफर्डच्या ओडसल मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध फ्रान्सिस ब्रिटनकडून खेळले. रग्बी लीगमध्ये ब्रिटनचे प्रतिनिधित्व करणारे ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू. त्या सामन्यात त्यांनी दोन ट्राय केले. म्हणजे दोनदा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे टेकवला. त्यांना पुन्हा कधीही ब्रिटनकडून बोलावणे आले नाही. एक सामना, दोन ट्राय, कारकीर्द समाप्त. वेल्सकडून मात्र ते पाच सामने खेळले. 

आपल्या घरांत मुलांना एक वाक्य हमखास ऐकवले जाते, 'तुला इतरांपेक्षा दुप्पट मेहनत करावी लागेल.' ऐकवणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण फ्रान्सिस यांच्या या एका सामन्याकडे पाहिले की त्या वाक्याची मर्यादा कळते. दुप्पट मेहनत करणाऱ्याला गुण मिळतात. यादी लिहिणारा हात दुसऱ्याचाच असतो. त्या हाताला प्रश्न विचारणारे कोणी नसेल, तर दुप्पट काय आणि तिप्पट काय!

हल : एका क्लबने केलेली सही

फ्रान्सिस 1948 मध्ये वॉरिंग्टनला आणि 1949 च्या अखेरीस हल क्लबमध्ये आले. हल हे पूर्व किनाऱ्यावरचे मासेमारी बंदर. इथे खेळता खेळताच त्यांच्याकडे प्रशिक्षणाची जबाबदारी आली. 1955 मध्ये खेळ थांबवून ते पूर्णपणे प्रशिक्षक झाले. सुमारे साडेतीनशे सामने आणि दोनशेहून अधिक ट्राय, अशी त्यांची खेळाडू म्हणून शिल्लक.

ब्रिटनमधल्या व्यावसायिक संघाचे ते पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक मानले जातात. या गोष्टीचे मोल समजण्यासाठी त्या काळाकडे पाहावे लागेल. 1952 मध्ये, फ्रान्सिस हलमध्ये असताना, त्यांच्या जन्मगावी महमूद मत्तान या सोमाली खलाशाला खुनाच्या आरोपावरून फाशी देण्यात आली. त्याला इंग्रजी नीट येत नव्हते. त्याच्याच वकिलाने न्यायालयात त्याचा उल्लेख 'अर्धा रानटी' अशा अर्थाच्या शब्दांत केला. 1998 मध्ये अपील न्यायालयाने ती शिक्षा रद्द ठरवली, शेहेचाळीस वर्षांनी. ज्या देशातले न्यायालय काळ्या मुसलमान खलाशाचे म्हणणे ऐकायला तयार नव्हते, त्या देशातल्या एका क्लबने गोऱ्या खेळाडूंचा अख्खा संघ एका काळ्या माणसाच्या हाती दिला. इंग्लिश फुटबॉलमध्ये असे व्हायला 1960 साल उजाडले.

फ्रान्सिस यांनी या संधीचे काय केले? त्यांनी प्रशिक्षण या शब्दाचा अर्थच बदलला. तोवर बहुतेक क्लबांत सराव म्हणजे मैदानाला फेऱ्या मारणे आणि चोळामोळा करून घेणे. फ्रान्सिस यांनी वजन उचलण्याचा सराव आणला, धावण्याच्या तंत्रावर काम केले, सामन्यांच्या चित्रफिती वापरून चुका दाखवल्या. खेळाडूच्या मनाचा विचार केला. कोणाला रागावून उभारी येते आणि कोण त्याने खचतो, हे ते ओळखत. 

त्यांनी खेळाडूच्या घराचाही विचार केला. दूरवरून आलेल्या खेळाडूचे कुटुंब नव्या गावात रुजावे म्हणून ते लक्ष घालत. सामन्याला खेळाडूंच्या बायकांना यायला वाहनाची सोय असे. आज हे किरकोळ वाटेल. पण सतराव्या वर्षी डोंगरातले गाव सोडून, बहुधा शहरातला एकमेव काळा खेळाडू म्हणून उभे राहिलेल्या माणसाला एकटेपणा म्हणजे काय हे शिकवावे लागत नव्हते. जे स्वतःला मिळाले नाही, ते दुसऱ्याला मिळावे म्हणून त्याने व्यवस्था उभी केली. सोसलेल्या माणसापुढे दोन वाटा असतात. 'मी सोसले, तुम्हीही सोसा' ही एक आणि ही दुसरी.

फळ दिसू लागले. 1956 च्या मे महिन्यात अंतिम सामन्यात हलने हॅलिफॅक्सला 10-9 असे हरवून अजिंक्यपद मिळवले. पुढच्या वर्षी अंतिम सामना एका गुणाने हरले, 1958 मध्ये पुन्हा जिंकले. 1959 आणि 1960 मध्ये सलग दोनदा चषकाच्या अंतिम सामन्यासाठी वेम्बली गाठले, दोन्ही वेळा पराभव पदरी आला.

1961 च्या अखेरीस क्लाइव्ह सलिव्हन नावाचा कार्डिफचा एक कृष्णवर्णीय तरुण चाचणीसाठी हलमध्ये आला. लहानपणी पायांवर इतक्या शस्त्रक्रिया झाल्या होत्या की तो नीट चालू शकेल की नाही, अशी शंका डॉक्टरांना होती. पहिल्याच सामन्यात त्याने तीन ट्राय केले आणि क्लबने त्याला घेतले. हाच सलिव्हन 1972 मध्ये ब्रिटनचा कर्णधार झाला. कोणत्याही मोठ्या खेळात ब्रिटनच्या राष्ट्रीय संघाचे नेतृत्व करणारा पहिला कृष्णवर्णीय. त्याच वर्षी त्याच्या नेतृत्वाखाली संघाने विश्वचषक जिंकला. 1985 मध्ये कर्करोगाने तो गेला, तेव्हा त्याचे वय अवघे बेचाळीस होते. हल शहरात शिरणाऱ्या हमरस्त्याला आज त्याचे नाव आहे. पहिला माणूस दार उघडतो तेव्हा त्याचा हिशेब त्याच्या चषकांवरून मांडायचा नसतो. मागून कोण आत आले, हेही मोजावे लागते.

पावसातला विजय

1963 मध्ये फ्रान्सिस लीड्सला गेले. 11 मे 1968 रोजी वेम्बलीवर लीड्स आणि वेकफील्ड ट्रिनिटी यांच्यात चषकाचा अंतिम सामना झाला. आदल्या तासांत असा पाऊस कोसळला की मैदानावर पाणी साचले. 87,100 प्रेक्षकांपुढे खेळाडू चिखलात घसरत, लोळत होते. शेवटच्या क्षणी वेकफील्डने ट्राय केला आणि गुणफलक 11-10 झाला. आता गोलखांबांसमोरून एक सोपी किक मारायची होती. वेकफील्डच्या डॉन फॉक्सचा पाय ओल्या गवतावर फसला, चेंडू बाहेर गेला. लीड्स एका गुणाने जिंकले. त्या दिवशी लीड्ससाठी चार गोल मारणारा खेळाडू होता बेव्ह रिसमन, गस रिसमन यांचा मुलगा. 1946 च्या जहाजावर वडील होते. बावीस वर्षांनी मुलगा अशा माणसाच्या हाताखाली जिंकत होता, ज्याला त्या जहाजावर जागा नाकारली गेली होती.

याच वर्षी बॅझिल डॉलिव्हिएरा प्रकरण गाजले. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारला हा 'रंगीत' क्रिकेटपटू इंग्लंडच्या संघात नको होता. आधी त्याला वगळले गेले, ओरड झाल्यावर घेतले आणि अखेर दौराच रद्द झाला. 1946 आणि 1968 यांत फरक हाच, की दुसऱ्या वेळी लोकांनी आवाज उठवला. दोन्हींच्या मधल्या काळात, 1957 मध्ये, ऑस्ट्रेलियातला विश्वचषक आटोपून परतताना ब्रिटनच्या रग्बी लीग संघाने दक्षिण आफ्रिकेत सामने खेळले. कार्डिफचाच महान खेळाडू बिली बोस्टन तेव्हा एकटा घरी परतला. संघ तिकडे खेळत राहिला. 

फ्रान्सिस स्वतः ऑस्ट्रेलियाला गेले ते 1968 नंतर, सिडनीच्या नॉर्थ सिडनी क्लबचे प्रशिक्षक म्हणून. ज्या देशासाठी त्यांना वगळले होते, त्याच देशाने आता बोलावले होते. हा शेवट गोड व्हायला हवा होता, पण तसे झाले नाही. संघाला यश मिळाले नाही आणि रंगावरून होणारी अवहेलना तिथेही होतीच. दोन हंगामांनंतर ते परतले. श्वेत ऑस्ट्रेलिया धोरण औपचारिकरीत्या संपायला 1973 साल उजाडले. परत आल्यावर त्यांनी पुन्हा हल, लीड्स आणि ब्रॅडफर्ड इथे काम केले. 1975 मध्ये लीड्सला आणखी एक विजेतेपद मिळवून दिले. 1989 मध्ये, सत्तर वर्षांचे असताना, त्यांचे निधन झाले.

उशिराचा न्याय

अलीकडे ब्रिटनला या माणसांची आठवण झाली आहे. 2023 मध्ये कार्डिफच्या त्याच जुन्या गोदी भागात बोस्टन, सलिव्हन आणि गस रिसमन यांचे एकत्र पुतळे उभे राहिले. ब्रायनमॉरमध्ये फ्रान्सिस यांचाही पुतळा झाला. 2025 मध्ये नव्वदी गाठलेल्या बिली बोस्टन यांना 'सर' किताब मिळाला. रग्बी लीगच्या खेळाडूला हा मान मिळण्याची ही पहिलीच वेळ. शंभरहून अधिक वर्षे कामगारांच्या या खेळातल्या एकालाही दरबाराने 'सर' किताब दिला नव्हता. म्हणजे रंगाचा भेद आणि वर्गाचा भेद हातात हात घालून चालत होते.

पुतळे चांगलेच आहेत. पण पुतळा बहुधा मेलेल्याचा होतो आणि मेलेल्याला यादीत घ्यावे लागत नाही. फ्रान्सिस यांच्या आयुष्यातला खरा न्याय पुतळ्यात नाही. तो हलच्या त्या निर्णयात आहे, जेव्हा काही सामान्य माणसांनी टेबलाभोवती बसून 'हाच आमचा प्रशिक्षक' असे ठरवले आणि सही केली. त्यांनी क्रांतीची भाषणे केली नाहीत. त्यांना जिंकायचे होते आणि माणूस लायक होता. 1946 मध्येही माणूस लायकच होता. तेव्हा सही करणाऱ्यांना जिंकण्यापेक्षा यजमानांची मर्जी मोठी वाटली.

भाड्याने घर देताना, नोकरीच्या मुलाखतीला बोलावताना, शाळेच्या संघात मुले निवडताना आपल्या अवतीभवती रोज अशा याद्या लागतात. नाव वगळल्याचे कारण कुठेही लिहिलेले नसते. त्यामुळे वगळलेल्याने पुरावा द्यावा, अशी उलटी अपेक्षा केली जाते. फ्रान्सिस यांच्याकडेही पुरावा नव्हता. होता फक्त खेळ, आणि तो सगळ्यांना दिसत होता.

आणि कधीकधी यादी आपल्याही हाती येते. मोहल्ल्याच्या संस्थेत, मशिदीच्या समितीत, शाळेच्या व्यवस्थापनात. तिथे आपल्यातलाच दुर्बळ, खालचा समजला गेलेला, दुसऱ्या बिरादरीचा माणूस समोर येतो. तेव्हा आपण 1946 ची यादी लिहितो की हलची सही करतो, हा प्रश्न दुसऱ्या कुणासाठी नाही.